यंत्रमानवांचं सोंग पाहायला जाशील तेव्हा

कापसाचा बोळा कानात कोंबला की भागलं, हे आधी डोक्यातून काढून टाकजो, पोरी. कापसानं मोठा आवाज जवळजवळ अडतच नाही. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते घेजो, आणि ते घालायचे कसे हे घरीच शिकून जाजो. दोन बोटांत वळून वळून प्लग बारीक करायचा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्यायचा आणि कानाचं वरचं टोक वर-मागं ओढायचं, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग काही कामाचा नाही. गाण्यासाठी चाळणीवाले वेगळे प्लगही येतात. त्यांनी आवाज कमी होतो, पण गाणं बद्द होत नाही. चार पैसे जास्त पडले तरी तेच घेजो.

तुझ्या आईला वाटून राहिलं की मामा तुला जाऊ नको म्हणेल. मी म्हणतो, मुंबईला जाच. डोक्यावर यंत्रमानवाची मुंडकी चढवून वाजवणारा बँड, दिव्यांचा तो सगळा पसारा, हजारो माणसांचा एक आवाज, हे तुझ्या वयात पाहायलाच पाहिजे. अकोल्यात माझं आयुष्य लाउडस्पीकर, मंडप आणि स्टेजच्या मागच्या बाजूनं गेलं. खांबावर बांधलेल्या कर्ण्यांपासून आताच्या क्रेननं चढवायच्या स्पीकरांपर्यंत सगळं हातातून गेलं, म्हणून हे सांगून राहिलो. देहाची सोय आधी पक्की केलीस, की तिथं गेल्यावर मन पूर्ण मोकळं सोडता येतं. कानात ठणका, घशाला कोरड आणि परतीची चिंता असली की समोर साक्षात इंद्रसभा भरली तरी तिच्यात जीव रमत नाही.

कानांचा हिशेब आणखी थोडा समजून घे, कारण हा माझ्या धंद्याचा आणि जिव्हाळ्याचा विषय आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसवतो, असं कामगारांच्या बाबतीत धरतात. त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जी वरची मर्यादा सांगितली, ती १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलच आहे. आणि कार्यक्रम चालतो दोन तास. म्हणजे आयोजकानं सगळे नियम पाळले तरी आपले कान आपल्यालाच राखायचे असतात. माझ्यासोबत काम केलेले कितीतरी गडी आज घरात टीव्ही मोठा करून बसतात आणि नातवंडं काय बोलली ते दोनदा विचारतात. त्यांच्याकडं पाहून माझा जीव तुटतो. कार्यक्रमानंतर कानात बारीक शिटी वाजत राहिली तर दोन दिवस मोठ्या आवाजापासून दूर राहजो. तरी थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाजो. एका कानानं एकाएकी कमी ऐकू आलं तर दोन दिवसांचीही वाट पाहजो नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठजो.

आता उभं कुठं राहायचं? पोट्ट्यांना वाटतं, कठड्याला चिकटून पुढं. तिथं खालचे मोठे बेसचे डबे थेट छातीवर आदळतात, मान वर करून करून दुखते, आणि गाण्याचे शब्द तर कळतच नाहीत. मैदानात मध्यभागी, थोडं मागं, कठड्याआड एक मचाण असतं. तिथं मिक्सर असतो आणि तिथूनच साऊंडवाला सगळा आवाज ऐकून लावतो. त्याच्या कानाला जे गोड लागतं तेच तो ठेवणार ना? म्हणून त्याच्या जरा पुढं किंवा बाजूला जागा धरजो. दिवे चालवणाराही बहुतेक वेळा तिथंच बसतो, त्यामुळं दिव्यांची नक्षीसुद्धा तिथूनच पुरी दिसते. फार मागं गेलीस तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर ड्रमवर काठी पडताना आधी दिसते आणि ठोका सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं मागून येतो. मैदानाच्या मध्ये जे उंच मनोरे उभे असतात, त्यांवरच्या स्पीकरांना म्हणूनच मोजून उशीर दिलेला असतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यावा. यंत्रमानवाच्या सोंगात हातवारा आणि ठोका एकाच क्षणी पडण्यात सगळी गंमत असते. ती पाहायची तर फार मागं राहजो नको.

जाण्याआधी त्या बँडची गाणी शांतपणे, क्रमानं ऐकून जाजो. आणि हे सोंग आलं कुठून तेही थोडं माहीत असू दे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० मध्ये क्राफ्टवेर्क नावाचा बँड सुरू झाला. १९७८ च्या ‘द मॅन-मशीन’ या त्यांच्या तबकडीत यंत्रमानवांवरचं गाणं होतं, आणि पुढं त्या गाण्याला वादक निघून जायचे आणि त्यांच्याच चेहऱ्यामोहऱ्याचे पुतळे स्टेजवर हलायचे. फ्रान्सच्या डाफ्ट पंकमधले दोघं यंत्रमानवाची हेल्मेटं घालूनच लोकांसमोर यायचे. २०२१ मध्ये त्यांनी काम थांबवलं. जर्मनीचेच कॉम्प्रेसरहेड तर खरीखुरी यंत्रं आहेत, भंगारातून जोडलेली. त्यांचा ड्रम वाजवणारा ‘स्टिकबॉय’ चार हातांचा आहे, आणि २०१३ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिग डे आउट महोत्सवात हजेरी लावली. मला विचारशील तर यंत्रानं वाजवलेल्यापेक्षा माणसानं यंत्र होऊन वाजवलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. हाताला घाम आलेला असताना यंत्रासारखं नेमकं वाजवायचं, याला रियाज लागतो.

आपल्या मुलखाला हे नवं नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन आला होता. धंद्याच्या ओढीनं मी गेलो होतो. त्याच्या त्या दौऱ्याची सुरुवातच अशी होती की पडद्यावर अवकाशयान भरधाव जातं, मग स्टेजखालून यान वर येतं, दार उघडतं आणि चमकत्या चिलखतातला, डोकं झाकलेला माणूस बाहेर येऊन उभा राहतो. नुसता उभा. हात नाही, पाय नाही, मान नाही. मैदान ओरडून ओरडून बेजार, आणि तो हलायचं नाव घेत नाही. चेहरा झाकला की माणसाजवळ उरते फक्त हालचाल. म्हणून न हलणं हेच सोंगाचं सगळ्यांत मोठं बळ असतं, हे मी तिथं पाहिलं. तू जाशील तेव्हा नाचण्याइतकंच त्यांच्या थांबण्याकडंही लक्ष ठेवजो. मान किती अंश वळते, बोटं कधी मिटतात, डोळ्यांचे दिवे कोणत्या ठोक्याला लागतात, ते बारकाईनं पाहजो. आपल्या दंडारीच्या खेळात पुरुष बाईचं सोंग घ्यायचे, आणि चांगला पाहणारा मिशीच्या खुणा शोधत बसायचा नाही, तो त्या बाईचं दुःख पाहायचा. इथंही तसंच मनापासून सोंग मान्य करून पाहजो.

अगदी अलीकडचं सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बँडचे कार्यक्रम झाले. त्या दौऱ्यात एका गाण्याला ही मंडळी परग्रहवासीयांची मुंडकी चढवायची. आणि पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला दिव्यांचा पट्टा असायचा. अशा पट्ट्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांनी इशारा देतात. ज्या भागावर किरण पडले तिथले पट्टे ठरल्या रंगात लागतात. तुलाही असा पट्टा मिळाला तर स्वेटरची बाही त्याच्यावर ओढजो नको, नाहीतर सगळं मैदान निळं आणि तुझं मनगट काळं. निघताना तो परत द्यायला सांगतात. आठवण म्हणून लपवून आणजो नको, पुढच्या गावच्या लोकांच्या हातावर तोच चढायचा असतो.

मुंबईला जाण्याआधी एक काम अमरावतीतच करून घेजो. लग्नात आणि मंडळांच्या मिरवणुकीत आताशा तो दिव्यांचा उंच रोबोट येतो ना, नवरदेवाच्या पुढं नाचत धूर सोडणारा, त्याला एकदा जवळून पाहजो. आत विशीतलं एखादं पोट्टं असतं. पायाखाली उंची वाढवायच्या घोड्या बांधलेल्या, पाठीवर बॅटरी, अंगभर वायरी आणि दिव्यांच्या पट्ट्या. पाहायला डोळ्यांसमोर एक लहानशी फट, खालचं काहीच दिसत नाही. एकदा वैशाखातल्या लग्नात मी अशा एकाला मंडपामागं खुर्चीवर टेकवलं होतं. हेल्मेट काढायला दहा पट्टे सोडावे लागणार आणि वरात तर दारात आलेली, म्हणून त्याच फटीतून नळी घालून त्याला पाणी पाजलं. एक बाटली त्यानं श्वास न घेता संपवली. हेल्मेटखालून घाम टपकत होता आणि बाहेर सनई सुरू झाल्यावर तोच उठून पुन्हा ताठ, कोनात हात करून चालू लागला. असं सोंग घेणाऱ्याच्या मागून अंगावर जाजो नको, त्याच्या पायाजवळ लहान पोर येऊ देजो नको, आणि त्याच्या हातातली धुराची बंदूक तोंडासमोर येईल इतकं जवळ राहजो नको. त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो आणि तो इतका थंड असतो की जवळून लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. मोठ्या स्टेजवर धुराचे खांब उठतात तेही बहुधा याच वायूचे.

तिकिटाचं थोडक्यात. अधिकृत ठिकाणाहूनच घेजो. कोल्डप्लेची तिकिटं सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीला आली तेव्हा बघता बघता संपली आणि मग कितीतरी पट भावानं फिरू लागली. कोणी क्यूआर कोडचं चित्र पाठवून पैसे मागत असेल तर हात जोडून मोकळी होजो. तेच चित्र त्यानं आणखी चौघांना विकलेलं असतं.

गाडीचं मात्र नीट ऐक. अंबा एक्स्प्रेस अमरावतीहून संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत पोहोचवते, बडनेरा आणि अकोल्यालाही थांबते. कार्यक्रम नेरुळला असेल तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडजो, सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी पोहोचायचा बेत करजो नको. गाडी चार तास रखडली तर दिवसभर जीव टांगणीला. आदल्या दिवशी पोहोचजो. आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढजो. उघड्या मैदानात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, म्हणजे कार्यक्रम दहाच्या सुमारास आटोपणार. आपल्याकडच्या अंबा आणि विदर्भ एक्स्प्रेस तर त्याआधीच मुंबईतून सुटलेल्या असतात. रात्री राहायची सोय नातेवाइकांकडे असो की लॉजवर, घरातल्या दोघांना पत्ता लिहून देऊन जाजो.

पोटाला सकाळी भाकर-पिठलं चालेल, पण दुपारी हलकं खाजो. आत पिशवी, बाटली, डबा नेऊ देत नाहीत, म्हणून रांगेत लागण्याआधीच भरपूर पाणी पेजो. ४५ डिग्रीत जगणाऱ्या वऱ्हाडच्या माणसाला ऊन सांगायला नको, पण मुंबईचा दमटपणा वेगळा. तिथं घाम वाळत नाही आणि अंगातलं पाणी गेलेलं लवकर कळत नाही. आत पाण्याची जागा कुठं आहे ते आल्या आल्या पाहून घेजो आणि गाण्यांमध्ये थोडी थोडी भर घालत राहजो. नवे जोडे घालजो नको. ओळखीचे, बोटं झाकणारे, नाडी पक्की बांधलेले जोडे घालजो.

गर्दीबद्दल तुला अकोल्याच्या मामानं नाही सांगायचं तर कोणी? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, त्या दिवशी आपला अख्खा रस्ता माणसांचा असतो. तिथं आमच्या वडिलांनी हाताला धरून शिकवलं ते असं. गर्दीच्या उलट कधी चालायचं नाही आणि सरळ तिच्याच जोरानंही वाहत जायचं नाही. धक्का येतो, ओसरतो, पुन्हा येतो. ओसरला की तिरकं तिरकं पाऊल टाकत कडेला सरकायचं. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल, मोबाईल, ओढणी, काही पडलं तरी वाकायचं नाही. चारी बाजूंनी अंगाला अंग लागलं आणि हात वर करता येईना, की गाणं कितीही आवडतं असो, तिथून निघायचं. कोणी खाली पडलं तर भोवती कडं करून आधी त्याला उठवायचं.

हे घाबरवायला सांगत नाही. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात, कुसॅटमध्ये, गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला. बाहेर थांबलेले एकदम दारातून आत लोटले, उतरत्या पायऱ्यांवर माणसं पडली आणि चौघांचा जीव गेला. तुझ्याच वयाची पोरं. गाणं सुरूही झालं नव्हतं. म्हणून आत शिरलीस की पहिलं काम, आलो त्या दाराखेरीज आणखी एक दार शोधून ठेवजो. पाऊस आला तर भिजजो, आडोशाला धावजो नको.

तुम्ही चौघी जाऊन राहिल्या, तर चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते उजेड असतानाच ठरवजा. अमुक क्रमांकाच्या दाराबाहेर, तमुक फलकाखाली, इतकं नेमकं. हजारो मोबाईल एकाच जागी आले की नेटवर्क बसतं, फोन लागत नाही; साधा मेसेज कधी कधी जातो. घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवजो. कोणी अंगचटीला आलं तर संकोच करजो नको, मोठ्यानं ओरडजो, आजूबाजूच्यांना सांगजो आणि मिक्सरच्या कठड्याजवळ जाजो. तिथं सुरक्षारक्षक असतात आणि त्यांच्याजवळ वॉकी-टॉकी असते. मदतीचा ११२ नंबर पाठ असू दे.

तुमच्यात कोणाला फिट येत असेल तर तिच्या घरी आधी विचारजो. यंत्रमानवांच्या कार्यक्रमात भराभर लुकलुकणारे दिवे असतातच, आणि काहींना त्यांनी फिट येऊ शकते. असा उजेड सुरू झाला आणि तिला कसंतरी वाटू लागलं, तर तिनं तळहातानं एक डोळा पूर्ण झाकायचा आणि मान दुसरीकडं वळवायची. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत येतो. लेसर सुरू असताना मोबाईलचा कॅमेरा सरळ किरणांकडं धरजो नको, आतला सेन्सर कायमचा डागाळू शकतो. तसाही फोन एखाद्या गाण्यापुरता काढजो. उरलेला वेळ हात रिकामे असू दे. टाळ्या दोन्ही हातांनीच वाजतात, आणि स्टेजवरच्या माणसाला त्या मुखवट्यातून चेहरे फारसे दिसत नसले तरी टाळ्या पुऱ्या ऐकू जातात. हे मला सोंग घेणाऱ्यांनीच सांगितलं आहे.

शेवटचं गाणं संपलं की लोक दाराकडं धावतील. तुम्ही बसून राहजा. वीसेक मिनिटांत दारं मोकळी होतात. तेवढ्या वेळात स्टेजकडं पाहजा. दिवे पूर्ण लागतात आणि काळ्या टी-शर्टांतली पोरं सगळीकडून बाहेर येतात. वायरी आठच्या आकड्यात गुंडाळल्या जातात, कारण गोल गुंडाळल्या तर आत पीळ बसतो. मुंडकी पुसून, फोम घातलेल्या पेट्यांत एकेक करून ठेवली जातात. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी ही मंडळी दोन-तीन दिवस उभी राबलेली असतात. त्यांच्यासाठी दोन टाळ्या जास्त वाजवजा, पण कठड्याच्या आत पाऊल टाकजा नको आणि कोणाला थांबवून फोटो मागजा नको. त्या वेळी साखळ्यांवरून टनावारी वजन खाली येत असतं आणि खालच्या माणसाची नजर वरच असावी लागते. स्वयंसेवक निघा म्हणाला की निघजा.